माझी पावलं आप्पा चालले

हे मी बरी झाल्यावर लिहितेय असं कुणी समजू नका. बरी झालेली माणसं लिहायला बसली की त्यांना सगळं कसं ओळीने आठवतं. माझं तसं नाही. आज सकाळी दात घासायला मला पाऊण तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ मी ब्रश हातात धरून नुसती बेसिनसमोर उभी होते. पण अशीच आणखी कुणी कुठल्या तरी हॉस्टेलात उभी असेल, आणि ती डॉक्टर असेल, तर तिला हे लवकर वाचायला मिळावं. म्हणून ही घाई.

मी मनीषा. सुरतेतल्या एका मोठ्या इस्पितळात मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट. आप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे अमळनेरकडचे. लग्नानंतर इकडे आले आणि बमरोलीच्या एका खात्यात कारीगर म्हणून लागले. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. माय घरी बसून साड्यांना लेस लावते. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर झाले. निकालाच्या दिवशी आप्पांनी खात्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि स्वतः खायला विसरले. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे केलं ते या माणसाशी केलं.

भरून टाक

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येणार नाही. पेशंटला आम्ही दरडावून विचारतो, "कधीपासून त्रास आहे? नीट आठवून सांगा." आता कळतं, किती मूर्ख प्रश्न आहे तो. एवढं आठवतं की अंघोळ जिवावर यायला लागली. मग जेवण. पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर कुणी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. राउंडवर सर काही विचारायचे, उत्तर मला यायचं, पण ते तोंडापर्यंत आणायचा कंटाळा यायचा. रडू येत नव्हतं, आणि त्याचंच मला बरं वाटायचं. म्हटलं, रडत नाही म्हणजे डिप्रेशन नाही. आहे की नाही हुशारी!

मी डॉक्टर असल्यामुळे आधी स्वतःचं रक्त काढलं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन जरा कमी. वा! म्हटलं, सापडलं. लोहाच्या गोळ्या चालू केल्या. त्याने पोट तेवढं बिघडलं.

आणि एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या पायाशी एक तक्ता टांगलेला असतो, नाडी, ताप, बीपी लिहायचा. चाळीस पेशंट, एक माणूस. इंटर्न असताना पहिल्याच आठवड्यात सीनियर शिकवते, "वरचं बघ, खाली लिही. एखादा आकडा इकडेतिकडे कर. भरून टाक." सिरियस पेशंटचं आम्ही खरं मोजतो, शपथेवर सांगते. पण जो बरा दिसतो त्याचा तक्ता भरून टाकतो. तक्ता भरलेला असला की राउंडवर कुणी त्या खाटेपाशी थांबत नाही.

पट्टा

गेल्या वर्षी आमचा एक सीनियर घरी जातो म्हणून गेला आणि परत आलाच नाही. पुस्तकंही न्यायला आला नाही. मग सगळ्या डिपार्टमेंटची मिळून मीटिंग झाली. रेसिडेंट लोकांच्या मनाची काळजी घ्यायची ठरली. व्यायामाने मन ठीक राहतं, हे काही खोटं नाही, मी स्वतः ओपीडीत दिवसाला दहा जणांना सांगते. आम्हाला सगळ्यांना मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे पट्टे दिले. रोजची पंधरा हजार पावलं. संध्याकाळी आठच्या आत पट्ट्यावरच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पंधरा हजार झाले की सर हिरवा बदाम पाठवणार. सर्वांत कमी पावलं असलेल्या तिघांची नावं सोमवारी वाचणार. "प्रेमाने," असं सर म्हणाले होते.

वॉर्डातल्या धावपळीत सहा-सात हजार व्हायची. उरलेली मैदानावर चालायची. बाकीचे चालायचे, हसायचे, फोटो काढायचे. माझा बॅचमेट केयूर, हाडांच्या विभागातला, एरवी चहासाठी जिनासुद्धा न उतरणारा माणूस, तोही टी-शर्ट घालून पळायला लागला. आणि खरं सांगते, त्याला बरं वाटायला लागलं होतं. मला मैदान खिडकीतून दिसायचं. मी बूट घालायचे, नाड्या बांधायचे आणि तशीच बूट घालून पलंगावर आडवी व्हायचे.

पहिल्या सोमवारी माझं नाव वाचलं. दुसऱ्याही. सर नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "मनीषा, सब ठीक है ना?" सब ठीक नव्हतं, पण ते म्हटलं असतं तर लगेच विचारलं गेलं असतं, ही पुढचं वर्ष निभावेल का? सीट गेली तर? आप्पांचे ते पेढे माझ्या डोळ्यांसमोर यायचे. मी म्हटलं, "जी सर, इस हफ्ते से चलूँगी."

त्या रविवारी घरी गेले. आप्पा जेवत होते. बारा तासांची पाळी, आठ मशिनी, या मशिनीचा धागा तुटला की त्या मशिनीकडे. दिवसभर चालणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. मी खिशातून पट्टा काढला आणि त्यांच्या मनगटाला बांधला.

"हे काय से?" आप्पांनी विचारलं. घरी आम्ही अहिराणीच बोलतो, इथे मी बरंचसं मराठीत लिहितेय.

"तुमच्या तब्येतीसाठी. पावलं मोजतो. रोज पाळी सुटल्यावर आकड्याचा फोटो मला पाठवायचा."

आप्पांनी डावा हात दिव्याखाली धरून इकडून तिकडून पाहिला. "देख वं," ते मायला म्हणाले, "मनी आंडेर. बापाची किती काळजी!" मनी आंडेर म्हणजे माझी मुलगी. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले.

हात नको

पहिल्या संध्याकाळी सव्वासातला फोटो आला. अकरा हजार आठशे. पण फोटोत आप्पांचं अख्खं मनगट होतं, पांढरे केस, नखात काळं तेल, आणि त्या सगळ्यावर धाग्यांचा बारीक भुसा. मी फोन केला. "आप्पा, पट्टा काढून फोटो काढा. हात नको त्यात."

"का बरं?"

"आकडा नीट दिसत नाही."

"बरं बेटा."

दुसऱ्या दिवसापासून नुसता पट्टा, वर्तमानपत्रावर ठेवलेला. मी कापून फक्त आकडा ठेवायचे आणि ग्रुपवर टाकायचे. वॉर्डात मनगटावर काही घालायचं नाही असा संसर्गाचा नियमच आहे, तिथे सगळे पट्टा खिशात ठेवायचे, त्यामुळे माझा हात रिकामा का, हे कुणी विचारलं नाही. पुढे मीच आप्पांना म्हटलं, "अकरा-बारा होतात, पंधरा झाले पाहिजेत. पंधरा चांगले." झालं! आप्पांनी शेअर रिक्षा सोडली. खात्यातून घरापर्यंत पायी यायला लागले. साडेपंधरा. सोळा. एकदा लूमला सुट्टी होती, त्या दिवशीही पंधरा हजार आले. मी विचारलं नाही कसे आले. हिरवा बदाम आला, एवढंच पाहिलं.

महिन्याभरात माझा पहिला नंबर. सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या. केयूर दुसरा. तो जिन्यात भेटला की हात जोडायचा, "बेन, थोडा तो रोकाओ! हमको भी जीतने दो." सगळे हसायचे, मीही हसायचे. डिपार्टमेंटने मनाची तपासणी म्हणून एक प्रश्नावली भरायला दिली. तीच प्रश्नावली मी पेशंटना देते. कुठे खूण केली की किती गुण येतात ते मला पाठ होतं. दोन मिनिटांत भरून टाकली. सरांनी वरवर पाहिली आणि माझ्या खाटेपाशी कुणी थांबलं नाही.

आणि त्याच दिवसांत माझ्या मनात रोज यायचं की हे सगळं आता थांबावं. मी नसावं. कसं, काय, ते मी इथे लिहिणार नाही. पण पहिला नंबर असलेल्या मुलीच्या मनात ते रोज यायचं, हे लिहून ठेवते.

माय फोनवर म्हणाली, "आप्पांचा गुडघा सुजलाय ना वं. पायरी चढताना भिंत धरतात." मी गादीवर पडले होते. म्हटलं, "बर्फाने शेका." डॉक्टर पोरीने एका मिनिटात बापाचा निकाल लावला आणि कूस बदलली.

कमी पडले का?

तो मंगळवार होता. दुपारी केयूरचा फोन आला. "नीचे आ. मेरी ओपीडी में. अभी." आवाजात थट्टा नव्हती.

हाडांच्या ओपीडीत स्ट्रेचरवर आप्पा. उजवा गुडघा नारळाएवढा. खात्यात दोन मशिनींच्या मधे खाली बसले ते उठताच आलं नाही, सोबतच्या कारीगराने रिक्षात घालून आणलं होतं. अंगावर कामाचाच बनियन. आणि डाव्या मनगटावर पट्टा.

आप्पा केयूरला कौतुकाने सांगत होते, तोडक्या हिंदीत, "मेरी लडकी इधरिच डाक्टर है. उसने दिया. रोज का पंद्रा हजार होनाच मंगता. छुट्टी का दिन भी मैं वस्ती में चक्कर मारता. पाव दुखता, पर उसको बोला नहीं. फोटो देर से गया तो वो घबराती."

केयूरने पट्टा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या हातात तसाच पट्टा होता, इस्पितळाच्या चिन्हाचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच गुजरातीत म्हणाला, "मनीषा, आ तारो छे ने?" हा तुझा आहे ना?

आप्पांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पट्टा स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला आणि एकदम ओशाळले.

"काय झालं बेटा? कमी पडले का आज? दुपारपर्यंत नऊ हजारच झाले. मधेच पाय गेला ना."

मी ओपीडीच्या फरशीवर बसले. पेशंट, नातेवाईक, नर्स, सगळ्यांसमोर, पांढऱ्या कोटासकट. जे महिनोन्‌महिने आलं नव्हतं ते रडू आलं, आणि ते काही सिनेमातल्यासारखं सुंदर नव्हतं, नाक गळत होतं, आवाज जनावरासारखा येत होता. आप्पा स्ट्रेचरवरून हात लांब करून माझ्या डोक्यापर्यंत पोचायला बघत होते आणि केयूरला म्हणत होते, "उसको कुछ मत बोलो साहब, मैं कल पूरा करूँगा."

बारडोली

आमच्याच इस्पितळातल्या मानसोपचाराच्या रांगेत बसायची माझी हिंमत नव्हती. तिथले सगळे ओळखीचे. केयूरने बारडोलीच्या एका वयस्कर मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. मायला घेऊन बसने गेले. कडोदरं मागे पडल्यावर माय बोलली. "तुला काय कमी केलं आम्ही? खायला नव्हतं का? डॉक्टर झालीस, आता कसला हा आजार?" खिडकीबाहेर ऊस आणि ऊस. थोड्या वेळाने तिने पिशवीतून दशमी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या बोटांना लेस लावायच्या गोंदाचा वास होता.

बाईंनी माझे रिपोर्ट बाजूला सारले. "अहीं तमे डॉक्टर नथी," म्हणाल्या, इथे तुम्ही डॉक्टर नाही. मग सरळ विचारलं, "जगावंसं वाटत नाही असं होतं का?" असं विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण समोरच्या खुर्चीत बसून ते ऐकताना काय वाटतं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. बाहेर बाकावर माय बसलेली, दार अर्धं उघडं. तिने ते ऐकलं.

परतीच्या बसमध्ये मायने माझा हात धरला तो सुरत येईपर्यंत सोडला नाही. घाम आला तरी सोडला नाही. त्या दिवसानंतर "कसला आजार" हे तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. पण ती देवापुढे दिवा लावताना जे पुटपुटते ते पूर्वीपेक्षा लांबलंय, आणि त्यात माझं नाव आहे, हे ऐकून मला बरं वाटत नाही, अपराधीच वाटतं.

मी बाईंना म्हटलं होतं, "मॅडम, व्यायाम सुरू करते मी, रोज." त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. आत्ता गोळी, झोप आणि एकटं राहायचं नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण पळायला सांगतो का? चालणं पुढे, मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच." इतक्या महिन्यांत मला एवढं साधं कुणी बोललं नव्हतं. मीही माझ्या पेशंटना बोलले नव्हते.

नंतर

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. दोन महिने रजा. सरांना खरं सांगितलं तेव्हा ते पेन फिरवत म्हणाले, "लेकिन तुम्हारे स्टेप्स तो सबसे अच्छे थे." चिडून नव्हे हो, खरोखर गोंधळून म्हणाले. सीट राहिली आहे, सध्या तरी. ग्रुप चालू आहे. हिरवे बदाम चालू आहेत. त्यातले किती आकडे कुणाच्या बापाचे, भावाचे, शिपायाचे आहेत मला माहीत नाही. सगळ्यांचे खरे असोत.

गोळ्यांनी पहिले तीन आठवडे काही झालं नाही, तोंड कोरडं पडण्याखेरीज. चौथ्या आठवड्यात एकदा वरणाला चव लागली. मायला सांगितलं तर तिने पाच दिवस तेच वरण केलं. पुन्हा चव गेली. असं चाललंय. परवा वॉर्डात एका बाईचा तक्ता भरताना मी वरचा आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवून तिचं मनगट धरलं, पूर्ण एक मिनिट मोजलं. ती घाबरली, म्हणाली, काही जास्त आहे का? मी म्हटलं, नाही, आजी, आहे तेवढंच आहे. एकोणचाळीस पेशंट उरले होते. सगळ्यांचं मोजणं मला जमलं नाही.

आप्पांच्या गुडघ्याची गादी फाटली होती. आधीच झिजलेली, मी ती संपवली. केयूरने जे करता येईल ते केलं. पण बारा तास उभं राहणं गेलं ते गेलंच. त्यांच्या आठ मशिनी दुसऱ्या कारीगराकडे गेल्या. आता पर्वत पाटियाच्या एका दुकानात बसून ते साड्यांच्या घड्या घालतात. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना तिथली शांतता सोसत नाही. घरी आले की मोठ्याने बोलतात, जसं मशिनी चालूच आहेत.

मी त्यांची माफी मागितली. एकदा नाही, खूपदा. ते दर वेळी म्हणतात, "तू मला पट्टा बांधलास त्यात काय? तू आजारी होतीस हे मला दिसलं नाही, ते बोल." मला दोन्ही सहन होत नाही.

हे शेवटचं

तुम्ही शिकणारे डॉक्टर असाल आणि तुमचा आकडा चांगला येत असेल, तर तो कुणाला दाखवू नका. हात दाखवा. कुणा एकाला तरी. मला एवढंच सांगता येतं, यापेक्षा शहाणपण माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात बाईंनी चालायला परवानगी दिली. हॉस्टेलच्या दारापासून कडुलिंबापर्यंत आणि परत. मी आप्पांना ते सांगितलं. त्यांनी कपाटातून पट्टा आणला, फडक्याने पुसला आणि माझ्या मनगटाला बांधला. त्यांच्या मापाचं भोक माझ्या हाताला सैल पडत होतं, म्हणून त्यांनी पट्टा दोन भोकं आत घेतला.

"आते तू घाल," आप्पा म्हणाले. "अन्‌ संध्याकाळी मला फोटो."

पहिल्या दिवशी मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी कडुलिंब गाठला. तिसऱ्या दिवशी उठलेच नाही. संध्याकाळी सातला त्यांचा फोन आला, "कितला व्हयनात आज?" किती झाले, म्हणून. माझ्या मनात काय आलं सांगू? वॉर्डातल्या कुणा इंटर्नच्या हाताला बांधावा पट्टा, काढावा फोटो. इतकं सगळं होऊनही पहिलं तेच मनात आलं.

मी पट्टा काढला, चादरीवर ठेवला, फोटो काढला आणि पाठवला. एकशे नऊ. संडासापर्यंतची आणि परतीची.

लगेच फोन वाजला. मला वाटलं, ते काही तरी चांगलं बोलतील, शाबास वगैरे, आणि मला ते नको होतं.

"असा नको," आप्पा म्हणाले. साड्यांच्या दुकानातल्या शांततेत ते ओरडूनच बोलत होते. "हात बी दिसू दे."

मी पट्टा पुन्हा बांधला आणि हातासकट फोटो पाठवला.